स्पीकर भंगारात देण्याआधी

बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर १९८६ चा. रत्नागिरीच्या घरी तो फडताळात असायचा आणि सकाळी सहाला त्यावर आकाशवाणी लागली की घर जागं व्हायचं. २०१० साली तो स्पीकरांसकट माझ्याकडे पुण्याला आला. वर्षभरात उजव्या बाजूचा आवाज बसत गेला. स्पीकर गेला असं मी धरून चालले, कुणाला दाखवलंही नाही. दहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा कोन), सागवानी पेटीतले ते दोन्ही स्पीकर वजनावर भंगारवाल्याला दिले आणि पाच स्पीकरांचा नवा होम थिएटर संच आणला.

चार वर्षांत त्या संचाचा मुख्य बोर्ड गेला. त्या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प खाली काढला आणि बुधवार पेठेतल्या एका मेकॅनिक काकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, बॅलन्सच्या, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजाचा तोल साधणाऱ्या नॉबमध्ये क्लीनरची एक पिचकारी मारली, नॉब इकडून तिकडे वीसेक वेळा फिरवला आणि दुकानातला स्पीकर लावला. उजवी बाजू खणखणीत वाजत होती. स्पीकरांना काहीच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातलं. घरात पहिल्यांदाच गाणं ऐकायची नीट व्यवस्था करणाऱ्यांसाठी, आणि जुनं ठेवावं की काढावं या विचारात अडकलेल्यांसाठी, जे शिकले ते क्रमानं लिहिते. माझं मत आधीच सांगते. ज्यातून आवाज निघतो ते टिकवा, आणि ज्यातून गाणं घरात येतं ते लागेल तसं बदला.

पहिलं काम: घरातल्या वस्तूंचे तीन गट करा

कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात स्पीकर. दुसऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर. तिसऱ्यात गाणं आणणारं सगळं: टर्नटेबल (तबकड्या वाजवणारं यंत्र), कॅसेट डेक, सीडी प्लेअर, टीव्ही, मोबाइलवरून गाणी घेणारी डबी.

हे वेगळं करायचं कारण असं की या तिघांचं वय सारख्या वेगानं वाढत नाही. चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा कोन, ही स्पीकरची रचना गेल्या शंभर वर्षांत मुळातून बदललेली नाही. क्लिप्शहॉर्न नावाचा स्पीकर १९४६ पासून बाजारात आहे. अ‍ॅम्प्लिफायरचंही थोडंफार तसंच. एनएडी कंपनीचा ३०२० हा १९७८ चा अ‍ॅम्प, दर चॅनलला अवघा २० वॅटचा, आजही लोक दुरुस्त करून वापरतात. त्याच्या पाठीवरची आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल पिनांची भोकं आणि आजच्या नव्या अ‍ॅम्पवरची भोकं एकच आहेत.

तिसऱ्या रकान्याकडे मात्र बघा. कॅसेट १९६३ ची, सीडी १९८२ ची. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरमधून उलटा अ‍ॅम्पकडे आणायची सोय २००९ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. गूगलनं क्रोमकास्ट ऑडिओ ही छोटी डबी २०१५ ला काढली आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद केली. वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनोसनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांच्या सर्वांत जुन्या काही उपकरणांना मे महिन्यानंतर नव्या सॉफ्टवेअर सुधारणा मिळणार नाहीत. ती उपकरणं वाजत राहिली, पण नव्याच्या पंगतीतून उठली.

म्हणजे ज्या वस्तूचं चालणं इंटरनेट, अ‍ॅप किंवा एखाद्या नव्या केबलवर अवलंबून आहे ती लवकर म्हातारी होणार, हे खरेदीच्या दिवशीच गृहीत धरा. त्यामुळेच तिन्ही गट एकाच खोक्यात कोंबलेली वस्तू मी नवख्या माणसाला सुचवत नाही. साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकर सोयीचा असतो, छोट्या घरात तोच बरा पडतो, पण त्यातला एक भाग गेला की तिघांचीही उत्तरक्रिया एकदम करावी लागते. ज्यात चार्जिंगची बॅटरी आहे त्याचं आयुष्य तर त्या बॅटरीइतकंच, ती बदलून मिळत असेल तरच पुढे.

दुसरं काम: दोष कुणाचा ते घरीच शोधा

इथे घाई करू नका, कारण पैसे इथेच वाया जातात. लागणाऱ्या वस्तू: मऊ फडकं, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, जमलं तर वीज आणि ओहम मोजणारा साधा मल्टीमीटर. अ‍ॅम्पचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते, आणि काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ती जीव घेण्याइतकी असते.

एक बाजू वाजत नसेल किंवा बारीक वाजत असेल तर अ‍ॅम्प बंद करा आणि व्हॉल्यूम, बॅलन्स, बास, ट्रेबल हे सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. आत कार्बनच्या पट्टीवर एक पाकळी घासत असते, तिच्याखाली धूळ आणि गंज साचतो. नॉब फिरवताना खरखर येते ती त्याचीच. बऱ्याचदा नुसत्या फिरवण्यानं फरक पडतो. नाही पडला तर मेकॅनिककडे क्लीनर मारून घ्यायचं, पण दुखणं तेवढंच आहे हे आता तुम्हाला माहीत असतं.

तरीही सुटलं नाही तर अदलाबदल. अ‍ॅम्प बंद करून त्याच्या पाठीमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा आणि पुन्हा चालू करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर संशयित. दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोन्ही स्पीकर निर्दोष, दुखणं त्याच्या अलीकडे आहे. मग वायरी पूर्ववत करून सीडी प्लेअर किंवा जे काही लावलं असेल त्याच्या लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्पच्या बाजूला आपसांत बदला. दोष बाजू बदलतो का? बदलला तर प्लेअर किंवा पिनेची वायर, नाही तर अ‍ॅम्प. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते तेव्हा केलं असतं तर बाबांचे स्पीकर आज घरात असते.

संशय स्पीकरवरच आला तर वायरी सोडवा आणि मल्टीमीटर लावा. पाठीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. ते बरोबरच आहे, घाबरू नका. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. मल्टीमीटर नसेल तर पेन्सिल सेलची दोन टोकं क्षणभर स्पीकरच्या टोकांना लावा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि वूफरचा कोन हलतो. सेलचं अधिक टोक लाल खुणेला लावल्यावर कोन पुढे यायला हवा. एका स्पीकरचा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल तर एकाची वायर उलटी जोडली आहे. अशा जोडणीत दोघं एकमेकांचा खर्ज मारतात, आणि माणूस म्हणतो, ‘या स्पीकरला बासच नाही, बदलायला हवा.’

आता जाळी काढून कोनाची कड बघा. कोन आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये एक मऊ वळी असते. ती रबराची असेल तर कित्येक दशकं टिकते. फोमची असेल तर दहा ते वीस वर्षांत कुजते, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर लवकरच. बोटाच्या टोकानं हलकेच स्पर्श करा. चिकट लागली, किंवा शिळ्या केकसारखा भुगा बोटाला आला, तर कड गेली. स्पीकर गेलेला नाही. ही वळी बाजारात सुटी मिळते. जुनी खरवडून, कोन बरोबर मधोमध बसवून नवी चिकटवतात. लाउडस्पीकरचे कोन बदलणारे कारागीर गणेशमंडळं आणि बँडपथकांच्या कामामुळे बहुतेक शहरांत आहेत. फक्त त्यांना आधीच सांगा की मूळचा कोन ठेवा, कड तेवढी बदला. दोन्ही स्पीकरांची एकदमच बदलून घ्या, नाहीतर दोघांच्या खर्जात फरक पडतो.

आणि वायर. समुद्राजवळच्या घरात तांब्याच्या तारा टोकाशी हिरव्या पडतात. ते टोक इंचभर कापून टाका, नवं सोला, घट्ट पीळ द्या. नवी घ्यायची असेल तर खोलीतल्या चार-पाच मीटरसाठी दीड स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर पुरे. त्यापलीकडच्या महागड्या वायरीवर नवख्या माणसानं एक रुपयाही घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

खोली

यंत्रं ठीक आहेत पण आवाज आवडत नाही, ही तक्रार असेल तर आधी स्पीकर हलवा. कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. भिंतीपासून हातभर पुढे आणा. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा गोल, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. फरशी उघडी आणि समोरची भिंत कोरी असेल तर सतरंजी अंथरा, जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला न्या. फ्लॅटमधल्या टाइल्सच्या खोलीत हा बदल ऐकून लोक नवा स्पीकर आणला का, असं विचारतात. एक आठवडा असं ऐका, मग ठरवा.

मेकॅनिककडे जाताना

चांगला मेकॅनिक ओळखायची माझी खूण म्हणजे सिरीज बोर्ड. त्या काकांच्या टेबलावर लाकडी फळीवर एक होल्डर होता आणि त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा. अ‍ॅम्प त्यांनी थेट प्लगमध्ये घातला नाही, त्या दिव्यातून वीज दिली. बटण दाबल्याबरोबर दिवा भक्कन पेटला आणि दोन सेकंदांत मंदावत नुसती तार लालसर राहिली. ‘बघा ताई, शॉर्ट नाही,’ काका म्हणाले. आत काही शॉर्ट असतं तर दिवा तसाच लख्ख पेटत राहिला असता आणि अ‍ॅम्पपर्यंत जाळणारी वीज पोचलीच नसती. जो माणूस बंद पडलेला अ‍ॅम्प असा दिव्यावर तपासतो त्याच्या हातात तो सोपवायला हरकत नाही. जो फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घालतो, किंवा भोकात तार वळवतो, त्याच्याकडून वस्तू तशीच परत घ्या.

नेताना लक्षणं लिहून न्या: कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, गरम झाल्यावर की लगेच. सतत ‘घुंऽऽ’ असा आवाज येत असेल, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही, तर बहुधा मोठे कंडेन्सर थकलेत. त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो. हे सुकणं उष्णतेवर अवलंबून असतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं तर कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणूनच अ‍ॅम्पवर सेट टॉप बॉक्स आणि वर क्रोशाचं झाकण ही आपल्या घरांतली जुनी सवय मोडायला हवी. वर निदान चार बोटं हवा खेळती ठेवा. बदलताना १०५ अंशांचे कंडेन्सर मागा. ८५ वाल्यांपेक्षा किंमत थोडीच जास्त असते.

चालू केल्यावर एका बाजूला आवाज येत नाही, व्हॉल्यूम जोरात केला की एकदम येतो, असं असेल तर आतल्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या विजेवरच्या छोट्या खटक्याचे, पॉइंट काळे पडलेत. तेही किरकोळ काम.

अवघड असतं ते आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एसटीके आयसी, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे भाग, जळणं. एसटीके हे सान्योचे आयसी असंख्य जुन्या अ‍ॅम्पांत आहेत आणि बाजारात त्यांची नक्कल भरपूर आहे. ट्रान्झिस्टरांचंही तेच, ५२०० आणि १९४३ ही जोडी तर नकली मालासाठी कुप्रसिद्ध. नकली भाग लागला तर अ‍ॅम्प महिनाभरात पुन्हा जळतो, आणि जाताना स्पीकरही नेऊ शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, पण दुकान ओळखीचं हवं. मेकॅनिकला विचारा, तो कुठून आणतो. जुने काढलेले भाग परत मागा. हे मागायला संकोच वाटतो, तरी मागा. चांगला कारागीर ते स्वतःहून पुडीत बांधून देतो.

जुन्या अ‍ॅम्पमध्ये नवं गाणं

इथे नवखे लोक उगीच हार मानतात. ‘यात ब्लूटूथ नाही’ म्हणून अ‍ॅम्प काढणं म्हणजे विहिरीला नळ नाही म्हणून विहीर बुजवणं. नेटवरून गाणी घेऊन आरसीए पिनांतून आवाज देणारी छोटी डबी घ्या आणि ती अ‍ॅम्पच्या ऑक्स, टेप, ट्यूनर किंवा सीडी यांपैकी कुठल्याही भोकात लावा. फोनो लिहिलेल्या भोकात मात्र लावू नका. ते टर्नटेबलच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, तिथे दुसरं काही लावलं की आवाज चिरकतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही फिलिप्स किंवा युरोपी बनावटीच्या यंत्रांवर पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्याची आरसीएला जोडणारी वायर मिळते, मेकॅनिकही बनवून देतो. आणखी एक. आजच्या डब्या साधारण दोन व्होल्टपर्यंत सिग्नल देतात आणि जुन्या अ‍ॅम्पला पूर्ण आवाजासाठी त्याच्या दशांशानंही भागायचं. त्यामुळे नॉब जरा हलवला की खोली हादरते. अ‍ॅम्प बिघडलेला नाही. डबीचा आवाज अ‍ॅपमधून उतरवा, म्हणजे नॉब फिरवायला जागा मिळेल.

टीव्हीचा आवाजही असाच आणता येतो, टीव्हीला ऑप्टिकल सॉकेट असेल तर एक छोटा कन्व्हर्टर मध्ये लागतो. सिनेमासाठी पाच-सात स्पीकर हवेच असतील तर त्यासाठी एव्ही रिसीव्हर (टीव्हीला जोडायचा, अनेक स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प) वेगळा घ्या, आणि गाण्याची दोन स्पीकरांची जोडी त्यात गुंतवू नका. दर काही वर्षांनी नवी एचडीएमआय आणि नवे ध्वनिप्रकार येतात. रिसीव्हर बदलेल तेव्हा तो एकटाच बदलावा.

बदलायचंच असेल तर आधी सारख्या आवाजात ऐका

दुकानात नवा स्पीकर जुन्याच्या शेजारी लावला की तो जवळपास नेहमीच चांगला वाटतो. थोडा मोठा वाजला तरी आपला कान त्याला ‘स्वच्छ’, ‘भरदार’ म्हणतो, इतका की मोठा वाजतोय हे लक्षातही येत नाही. म्हणून मोबाइलवर आवाज मोजणारं साधं अ‍ॅप घ्या, बसायच्या जागी धरा, दोन्हींचा आकडा एक करा, आणि मग तुलना करा. या एका सवयीनं माझ्या दोन खरेद्या वाचल्या.

काय ऐकायचं? इंग्रजी चाचणी-गाण्यांच्या याद्यांच्या मागे लागायचं कारण नाही. तानपुरा लावा. जवारी मोकळी झालेला तानपुरा चांगल्या ट्वीटरवर झिणझिण्या उमटवत खोलीभर पसरतो, वाईटावर नुसता डास गुणगुणतो. मग तबल्याचा डग्गा. मनगट सरकवून काढलेला घिस्सा एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तुम्हाला दिसायला हवा. प्रत्येक घाव सारखाच ‘धम्’ वाटत असेल तर तो खर्ज खोटा आहे. लावणीची ढोलकी चाटीवर कडकडते का ते बघा. शेवटी एका पुरुषाचा बोलण्याचा आवाज, बातम्या किंवा कीर्तन. माणूस छातीतून बोलतो की डब्यातून, हे कुणालाही कळतं.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नका. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अ‍ॅम्प आणला तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. घरातल्या खोलीत साधारण स्पीकरवर रोजच्या ऐकण्याला बहुतेक वेळ एखादा वॅटच खर्ची पडतो.

मग खरोखर कधी बदलावं? सर्किट बोर्डच जळून कोळसा झाला असेल तर. ज्या कामाला नेमका तोच आयसी लागतो आणि अस्सल मिळत नाही, तेव्हा. अ‍ॅम्पच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ताबडतोब बंद करा, अर्थिंग आणि ट्रान्सफॉर्मर तपासून घ्या, आणि सुटत नसेल तर मोह सोडा. घर लहान झालं, आईबाबांना तीन रिमोट झेपत नाहीत, कानाला यंत्र लागलं, हीसुद्धा पूर्ण योग्य कारणं आहेत. आणि सारख्या आवाजात, आपल्या खोलीत, आठवडाभर ऐकून दुसरा स्पीकर जास्त आवडला, तर आनंदानं घ्या. माझा विरोध बदलण्याला नाही. न ऐकता बदलण्याला आहे.

हिशेब मांडताना दुरुस्तीचा खर्च जुन्याच्या आजच्या किमतीशी ताडू नका, तेवढ्याच दर्जाचं नवं घ्यायला काय लागेल त्याच्याशी ताडा. समजा दर तीन वर्षांनी वीस हजारांचा संच बदलला, तर पंधरा वर्षांत लाख रुपये जातात आणि शेवटी हाती वीस हजारांचाच दर्जा उरतो. तेच पैसे एकदा पन्नास हजारांच्या स्पीकर-अ‍ॅम्पमध्ये घातले, वर दोन दुरुस्त्या आणि दोन नव्या डब्या धरल्या, तरी शिल्लक राहते. नवख्यानं पहिल्या खरेदीत जास्तीत जास्त पैसे स्पीकरवर घालावेत, शक्यतो रबरी कडेच्या.

परदेशातून येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतून परतणारे नातेवाईक तिथला संच हौसेनं आणतात, आणि पहिल्याच दिवशी तो धूर सोडतो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेची १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानची १०० व्होल्ट. पाठीवर व्होल्टेजचा खटका आहे का बघा, नसेल तर पुरेशा ताकदीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा. अ‍ॅम्पचं एवढ्यानं भागतं.

टर्नटेबलचं भागेलच असं नाही. ज्यांची मोटर थेट विजेच्या हर्ट्झवर चालते त्या ६० ऐवजी ५० वर हळू फिरतात. मिनिटाला ३३ च्या वर फिरणारी तबकडी २८ च्याही खाली येते, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गाऊ लागते. अशा टर्नटेबलला मोटरची पुली बदलावी लागते. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारखी, क्वार्ट्झच्या स्फटिकावर वेग धरणारी टर्नटेबलं या त्रासातून सुटतात. १९७२ पासूनची ती एसएल-१२०० मालिका २०१० मध्ये बंद पडली आणि २०१६ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे जुन्याला वाली आहे.

वर्षाची देखभाल

आपल्याकडे यंत्रांचा खरा शत्रू पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अ‍ॅम्प आठवड्यातून दोनदा अर्धा तास तरी चालू ठेवा. त्याच्या स्वतःच्या उबेनं आतली ओल उडते. महिनोन् महिने बंद ठेवलेला संच वापरल्या संचापेक्षा लवकर बिघडतो, हे माझ्या माळ्यावरच्या चार वर्षांनी मला दाखवलं. विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि अँटेना दोन्ही काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवला तर गुणगुण येते. ती दुरुस्तीला न्यायची गोष्ट नव्हे.

पाल हा गमतीचा विषय वाटतो, पण उबेला आलेली पाल अ‍ॅम्पच्या आत दोन टोकांमध्ये अडकून मेली की आउटपुट जळतो. कोकणातल्या मेकॅनिकांना विचारा. अ‍ॅम्पच्या जाळीची भोकं बुजवायची नाहीत, फडताळाच्या मागच्या फटी बंद करायच्या.

टर्नटेबलच्या सुईचं आयुष्य तिच्या घडणीप्रमाणे पाचशे ते हजार तासांचं. एका तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तास धरा आणि हिशेब ठेवा. झिजलेली सुई तबकडी कोरते, आणि तबकडी दुरुस्त होत नाही. त्यामुळे सुई ही एकच वस्तू अशी आहे की जी मी न कुरकुरता वेळेआधी बदलते. रबरी पट्टा ढिला पडला की सूर डळमळतो, तोही स्वस्तात मिळतो.

घराबाहेर काढताना

शेवटी एखादी वस्तू द्यायचीच ठरली, तर ती वाजत्या अवस्थेत द्या. नवख्या, शिकणाऱ्या, भजनी मंडळातल्या कुणाला तरी तिचा उपयोग असतो. काय दुरुस्त केलं, कोणत्या साली, कुणाकडे, हे कागदावर लिहून तो कागद तळाला चिकटवा. स्पीकर नेहमी जोडीनं द्या, जाळ्या आणि पुढची नावाची पट्टी सकट. पुरतं निकामी झालेलं यंत्र भंगारवाल्याकडे नको, तो तांब्यासाठी वायरी जाळतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. त्याआधी नॉब, स्क्रू, काचेचा फ्यूज आणि धड असलेला ट्रान्सफॉर्मर काढून ठेवायचा का, ते मेकॅनिकला विचारा. काकांनी माझ्या त्या बंद होम थिएटरमधले दोन रिले आणि पाठीमागची स्पीकरची टोकं काढून ठेवली होती. त्यांपैकी एक रिले पुढे बाबांच्या अ‍ॅम्पमध्येच बसला.

आणि रिमोट सोबत द्या, आतले सेल काढून.